पाठीवरचे बिऱ्हाड

डोंबिवलीच्या एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. पत्र चांगले चार पानी आहे, अक्षर वळणदार आहे, आणि त्यात घरातील माणसांची जी हकीकत आहे ती आमच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरांस लागू पडावी अशी आहे. घरात एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, ह्या स्वतः, यजमान व दोन मुले; मधले दीर, जाऊबाई व त्यांची एक मुलगी. सर्वांत धाकटे दीर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोकरीस असून ते डिसेंबराच्या अखेरीस पत्नी व दोन मुलांसह तीन आठवड्यांच्या रजेवर येणार आहेत. एकूण माणसे बारा. तिकडे ही मंडळी दर उन्हाळ्यात आर. व्ही. नावाचे, आत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले वाहन घेऊन रानातल्या तळ्याकाठी मुक्कामास जातात. आपल्याकडेही तशी गाडी कॅराव्हॅन या नावाने भाड्याने मिळू लागली आहे, तर ती घेऊन तीन दिवस कोठेतरी तळ्याकाठी जावे असा धाकट्या भावोजींचा आग्रह आहे. भगिनींचे प्रश्न तीन: जावे कोठे, बेत आखावा कसा, आणि केवळ हौसेपायी हा पैशाचा चुराडा तर होणार नाही ना? पत्राच्या अखेरीस, जणू सहज म्हणून, एक वाक्य आहे: "सासूबाई म्हणतात, तुम्ही सारे आनंदाने जाऊन या, मी घर सांभाळते."

तिन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही देणारच आहोत. परंतु आमच्या मते पत्रातील खरा प्रश्न हे शेवटचे वाक्य आहे, आणि बेत आखावयाचा तो तेथपासून.

प्रथम वाहनाच्या नावाविषयी दोन शब्द. कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फार्सी 'कारवान'. वाळवंटातून जथ्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा तो तांडा. इंग्रजांनी त्याची चाकावरची खोली केली आणि आता तो पुन्हा आपल्याकडे आला आहे. आम्हांस आधी गृहरथ हा शब्द सुचला होता, पण तो उच्चारताच डोळ्यांपुढे वरातीचा रथ येतो, म्हणून या लेखापुरते आम्ही घरगाडी म्हणणार आहोत. वस्तू नवी असली तरी कल्पना जुनीच आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते दुसरे काय? मात्र विंचवास सासू, नणंद, जाऊ नसतात, आणि त्याचे बिऱ्हाड त्यास एकट्यास पुरते.

आता अमेरिकेतील प्रकार नेमका काय आहे, हे समजून घेतले म्हणजे आपल्याकडे काय नाही ते कळते. धाकटे भावोजी ज्या मिनेसोटात राहतात तेथे इटास्का नावाचे राज्य उद्यान आहे. ते १८९१ साली राखून ठेवण्यात आले. भोवती उंच पाइन वृक्षांचे जुने रान, आणि त्यात शंभरांहून अधिक लहानमोठी तळी. त्यांपैकी इटास्का तळ्यातून मिसिसिपी नदी निघते आणि सुमारे पावणेचार हजार किलोमीटर वाहत जाऊन समुद्रास मिळते. अशा उद्यानात घरगाड्यांसाठी क्रमांक घातलेल्या जागा आखलेल्या असतात. पुष्कळशा जागांशी विजेचा खांब असतो, पिण्याच्या पाण्याचा नळ जवळपास असतो, आणि निघताना गाडीतील मैलापाणी रिकामे करण्यासाठी एक ठरलेले ठिकाण असते. जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. म्हणजे तेथे गाडी ही अर्धीच वस्तू आहे. उरलेली अर्धी ते उद्यान पुरविते. गाडीवाल्याने फक्त वेळेवर जाऊन उभे राहावयाचे.

आपल्याकडे गाडी आली, उद्यान मागाहून येत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाडी व गाडीतळ या दोहोंचाही विचार आहे. तथापि आज भाड्याची गाडी मिळविणे जितके सोपे तितके सोयीचा गाडीतळ मिळविणे सोपे नाही. म्हणून वीज, पाणी व मैला या तीन गोष्टींची तजवीज जी तिकडे उद्यान करते, ती इकडे बेत आखणाऱ्याने करावयाची असते. भावोजींस ही गोष्ट नीट समजावून द्यावी. तिकडच्या सवयीने ते गाडीची लांबी-रुंदी पाहतील. पाहावयाचे आहे ते निराळेच.

जागा कोणती? ठाण्यास आपण तलावांचे शहर म्हणतो खरे, पण मासुंद्याचा काठ हा संध्याकाळी भेळ खात हिंडण्याचा. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, आणि त्याच्या पायथ्याचे उपवन तळे घटकाभर बसण्यापुरते ठीक. तानसाचे तळे विस्तीर्ण आहे, भोवती अभयारण्य आहे. परंतु १८९२ साली पुरे झालेल्या त्या धरणातून मुंबईकर पाणी पितात, आणि बारवीचे पाणी तर आपल्याच पट्ट्यातील नळांस येते. पिण्याच्या पाण्याच्या उशाशी बारा माणसांचे बिऱ्हाड टाकू नये. मावळातील पवना तळ्याची हल्ली फार चलती आहे. काठाने तंबूंच्या रांगा, आणि सुटीच्या रात्री प्रत्येक रांगेचा आपापला ध्वनिवर्धक. ज्यांस हे आवडते त्यांनी अवश्य जावे. आम्ही वृद्ध माणसास तेथे नेणार नाही.

आमचे मत भंडारदऱ्यास आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण सुमारे २७० फूट उंच आहे. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. त्यामागे सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी साठते. एका बाजूस रतनगड, दुसऱ्या बाजूस महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे १६४६ मीटरचे कळसूबाईचे शिखर, आणि भोवती १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. रतनवाडीस अमृतेश्वराचे पुरातन कोरीव देऊळ आहे, त्याच्याजवळ सुरेख पुष्करणी आहे, आणि तेथवर गाडीरस्ता जातो. मिसिसिपीचा उगम पाहून आलेल्या मुलांस आपल्या प्रवरेचा उगम रतनगडाच्या डोंगरात दाखविता येईल, ही गोष्टही आम्हांस महत्त्वाची वाटते. डिसेंबर-जानेवारीत धबधबे नसतात, पण तळे भरलेले असते, आकाश निरभ्र असते आणि थंडी खरी असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तळ्याकाठीच आहे, आणि शेंडी गावात गावकऱ्यांच्याही खोल्या मिळतात. घरगाडी उभी करण्यास यांपैकी कोणाचे आवार मिळते हे आधी लेखी विचारून घ्यावे. रानात वाटेल तेथे गाडी उभी करून राहणे हे अभयारण्यात चालत नाही, आणि चालू नये.

आता सासूबाई.

"मी घर सांभाळते" हे वाक्य आम्ही आजवर अनेक घरांत ऐकले आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींत हल्ली दाराशी पहारेकरी बसतो, जिन्यात कॅमेरा असतो. घर कुलूप सांभाळते, त्यास एक्याऐंशी वर्षांच्या बाईची जरूर नाही. मग ही माउली असे का म्हणते? दर वेळी कारण विरक्ती नसते, प्रकृतीही नसते. लेखणी अंमळ धीट करून सांगावयाचे तर कारण शौचकूप हे असते.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरात सर्वजण अक्का म्हणतात, नाशकास जावयाचे ठरले की आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडीत. सकाळचा चहासुद्धा दोन घोट. पाच तासांच्या प्रवासात कोठे उतरावयाचे, उतरल्यावर कोठे जावयाचे, तेथे दाराला कडी असेल की नाही, जमीन ओली असेल तर पाय घसरेल, आणि खाली बसल्यावर गुडघे परत उभे राहू देतील का, हे सारे प्रश्न त्या मनात सोडवीत व कोणास सांगत नसत. मुलांदेखत, सुनांदेखत, चालकादेखत 'गाडी थांबवा' म्हणण्याचा संकोच त्यांच्या पिढीस फार. पाणी तोडल्यामुळे मुक्कामी पोचेपर्यंत त्यांस घेरी येई, आणि परतल्यावर मूत्रमार्गाच्या दाहासाठी वैद्यांकडे जावे लागे. शेवटी त्यांनी सोपा मार्ग काढला. त्यासुद्धा घर सांभाळू लागल्या. वृद्धांच्या शरीरास तहान आधीच कमी जाणवते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारे औषध चालू असले तर पाणी तोडणे हे उपासाइतके निरुपद्रवी नाही, असे डॉक्टर सांगतात. हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही, कारण पुरुषास रस्त्याच्या कडेचे कोणतेही झाड पुरते.

घरगाडीचे खरे मोल येथे आहे. तीत पलंग आहे, पंखा आहे, दूरदर्शनचा पडदा आहे, म्हणून ती घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. तीत स्वतःचा, कोरडा, आतून कडी लागणारा, खुर्चीसारखा बसावयाचा संडास आहे, आणि तो रात्री निजल्या जागेपासून चार पावलांवर आहे. ज्या स्त्रीने दहा वर्षांत पाच तासांचा प्रवास केला नाही तिला एवढ्या एका सोयीने तळे दिसू शकते. म्हणून भगिनींच्या तिसऱ्या प्रश्नास आमचे स्पष्ट उत्तर असे की, सासूबाई येणार असतील तर हा पैसा सत्कारणी लागेल. त्या येणार नसतील तर घरगाडी घेऊ नये. बाकीच्या अकरा जणांनी साधी गाडी करावी आणि खोल्यांत राहावे. ते स्वस्त पडेल व ऐसपैसही होईल.

मात्र सोय आहे असे जाहिरातीत म्हटले म्हणजे ती सासूबाईंच्या उपयोगी आहे असे नव्हे. पैसे भरण्यापूर्वी घरातील एका माणसाने जाऊन गाडी प्रत्यक्ष पाहावी, आणि आमची विनंती अशी की हे काम मुलाने करावे. खिशात मोजपट्टी असावी. आपल्याकडच्या पुष्कळशा घरगाड्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. त्यांची पहिली पायरी जमिनीपासून उंच असते. सासूबाईंचा पाय किती उचलतो ते घरी मोजून जावे आणि पायरी त्याहून उंच असली तर सोबत घट्ट, न डुगडुगणारा चौरंग घ्यावा. दाराशी हाताने धरण्यास दांडी आहे का? संडासाचे दार किती रुंद आहे, आत गेल्यावर वळता येते का, बसल्यावर उठताना धरण्यास काही आहे का? कमोडचे झाकण, पाणी सोडण्याची खटकी, नळ यांचा उपयोग आधी मुलाने करून पाहावा आणि मग आईस दाखवावा. शक्य असेल तर गाडी एक संध्याकाळ आधी घराशी आणवावी. सोसायटीचे चिटणीस जागेवरून कुरकुरतील, त्यांस आमचा हा लेख दाखवावा. सासूबाईंनी एकदा वर चढून, दार लावून, खाली उतरून पाहिले म्हणजे निम्मे भय जाते. आणि त्यांस विचारताना 'येता का?' असे विचारू नये. 'नाही' हे उत्तर तयारच असते. दार मोजले, दांडी पाहिली, चौरंग घेतला, असे आधी सांगावे.

निजण्याची व्यवस्था याच धोरणाने. बहुतेक लहान घरगाड्यांत चार माणसे नीट निजतात. पहिली जागा सासूबाईंची, खालची, दारापासून दूर व संडासाजवळ. दुसरी जागा त्यांच्या एका मुलाची. सुनेची नव्हे. वर्षभर रात्रीबेरात्री हाकेस ओ देण्याचे काम सुनांकडे असते. या रात्री मुलांनी आपसांत वाटून घ्याव्यात. आई तिघांची आहे. उरलेल्या दोन जागा नातवंडांच्या, त्याही पाळीपाळीने, आणि त्यात अमेरिकेहून आलेल्यांस पहिला हक्क. वर्षातून एकदा, तेही दूरध्वनीच्या पडद्यावर ज्या आजीला पाहिले तिच्या शेजारी अंधारात निजून गोष्टी ऐकणे, यासाठी ती मुले आठ हजार मैल आली आहेत असे आम्ही समजतो. इतर मंडळींनी खोल्यांत निजावे, तरुणांस हौस असेल तर आवारात तंबू ठोकावा.

पाण्याचा हिशेब हा पुष्कळांस कंटाळवाणा वाटेल, पण येथे गणित चुकले की सगळा बेत फसतो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी मानक आहे. लहान घरगाडीची टाकी बहुधा शंभर-दीडशे लिटरांची असते. बारा माणसांनी एकेक बादली घेतली की टाकी संपली आणि वर उसनवार झाली. सबब नियम असा करावा की गाडीतील पाणी केवळ संडासासाठी व हात धुण्यासाठी, आणि संडास केवळ सासूबाई, लहान मुले व रात्रीची अडचण यांसाठी. अंघोळ, दात घासणे, भांडी ही सारी निवासस्थानाच्या न्हाणीघरात. पिण्याचे पाणी निराळ्या कॅनमधून न्यावे.

आता या पाण्याची दुसरी बाजू. टाकीत जेवढे पाणी भरतो तेवढे कोठेतरी सोडावेही लागते. घरगाडीत वापरलेल्या पाण्याची एक टाकी असते आणि मैल्याची वेगळी. कित्येक गाड्यांत मैल्याची टाकी ही बाहेर ओढून काढावयाची, सुमारे वीस लिटरांची पेटीच असते. ही पेटी चार-पाच माणसांच्या वापराने दीड-दोन दिवसांत भरते. मग ती रिकामी कोण करणार आणि कोठे? गाडी भाड्याने देणारास हा प्रश्न विचारावा व उत्तर नीट ऐकावे. 'चालक बघतो कुठेतरी' असे उत्तर आले तर त्याची गाडी घेऊ नये. ते 'कुठेतरी' म्हणजे रात्रीच्या अंधारात एखादा ओढा, आणि भंडारदऱ्याचा प्रत्येक ओढा तळ्यास मिळतो. त्या तळ्याचे पाणी खाली निळवंड्यास जाते, तेथून अकोले, संगमनेर, श्रीरामपूरपर्यंत शेतांस व गावांस जाते. प्रवरेस अमृतवाहिनी म्हणतात. सासूबाईंची सोय व्हावी म्हणून नदीकाठच्या दुसऱ्या कोणाच्या सासूबाईंच्या घागरीत आपण मैला ओतावा, हे कोणत्याही घरास शोभणारे नाही. योग्य रीत अशी: निवासस्थानाच्या सेप्टिक टँकमध्ये पेटी रिकामी करण्याची परवानगी आधी मागून ठेवावी, त्याबद्दल काही पैसे मागितले तर निमूट द्यावे, आणि पेटीत घालावयाचे औषध सेप्टिक टँकमधील उपकारक जंतू न मारणारे असावे एवढे पाहावे. काम चालकाच्या गळ्यात घालू नये. त्याने केले तर त्यास वेगळी बक्षिसी द्यावी, आणि तेथे घरातील एकाने उभे राहावे.

स्वयंपाकाविषयी आमचे मत पुष्कळ गृहस्थांस रुचणार नाही. घरगाडीत ओटा आहे, शेगडी आहे, लहान शीतकपाट आहे, हे पाहून पुरुषांस उत्साह येतो आणि 'तेथेच गरम गरम करू' असे ते म्हणतात. करू म्हणजे कोणी? बारा माणसांचा स्वयंपाक दोन हात लांबीच्या ओट्यावर करणे म्हणजे घरातील तिन्ही सुनांस सहलीऐवजी अधिक गैरसोयीच्या स्वयंपाकघरात पाठविणे होय. गाडीत चहा व दूध एवढेच व्हावे, आणि सासूबाईंचा उपास असेल तर वरईचे तांदूळ. बाकी जेवण गावात सांगावे. शेंडी, रतनवाडी या गावांतील ठाकर व महादेव कोळी घरांतून सांगितल्यास तांदळाची वा नाचणीची भाकरी, पिठले, उसळ, भात असे सात्त्विक जेवण मिळते. धरणामुळे ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या हाती आपल्या सहलीचा पैसा जावा, हे आम्हांस न्याय्य वाटते. दरात घासाघीस करू नये. घरून लाडू, चिवडा, मेतकूट, लोणचे न्यावे. बस्स.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. जानेवारीत तळ्याकाठची रात्र बोचरी असते आणि कोणीतरी निखाऱ्याची शेगडी गाडीत वा तंबूत आणून ठेवण्याची युक्ती काढतो. हे कदापि करू देऊ नये. बंद जागेत कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास वास नाही, रंग नाही, आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. गॅसची शेगडीही ऊब येण्यासाठी पेटवू नये, आणि निजताना सिलिंडरची चावी बंद करावी. थंडीस उपाय गोधडी, कानटोपी, पायमोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. वातानुकूलन चालविण्यास बाहेरची वीज किंवा जनित्र लागते. जानेवारीत त्याची जरूर नाही, आणि रानात जनित्र धडधडू लागले की आपण घरीच का बसलो नाही असे वाटू लागते. दिवे व पंखे बॅटरीवर चालतात, ते पुरेत.

रस्ता आता पूर्वीहून बरा झाला आहे. कल्याणहून गांधारीच्या पुलावरून बापगाव, पडघा असे गेले की नाशिक महामार्ग लागतो. तेथून शहापूर, कसारा घाट, इगतपुरी व घोटी, आणि घोटीस उजवीकडे वळून बारीवरून शेंडी. घाटाचा त्रास ज्यांस होतो त्यांच्यासाठी समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आहे. आमणे भिवंडी तालुक्यात, आपल्याला अगदी जवळ. त्या मार्गावर इगतपुरीनजीक सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा असल्याने जड घरगाडीस घाटाची वळणे घ्यावी लागत नाहीत आणि सासूबाईंच्या पोटातील पाणी हलत नाही. १८६५ साली याच घाटातून रेल्वे इगतपुरीस नेताना इंजिनियरांनी केवढे कष्ट उपसले, हे मुलांस सांगावयाचे असेल तर येताना जुन्या रस्त्याने यावे. घोटीच्या पुढे रस्ता अरुंद होतो, चालकास घाई करू देऊ नये. शेंडीस पोचल्यावर घरगाडी तेथेच ठेवावी आणि रतनवाडीस स्थानिक जीपने जावे. तळ्याच्या कडेने जाणाऱ्या त्या रस्त्याची वळणे मोठ्या गाडीसाठी नव्हेत. जीपमध्ये सासूबाई पुढच्या आसनावर. देवळापाशी त्यांस खुर्ची लागेल, ती घरून न्यावी, घडीची. त्यांच्या नेहमीच्या गोळ्या सहा दिवसांच्या घ्याव्या, आणि मोठ्या रुग्णालयासाठी घोटी-इगतपुरीच्या बाजूस परत यावे लागते हे सर्वांस ठाऊक असावे.

तळ्यात कोणीही उतरू नये. अमेरिकेतील मुले पोहण्यात तरबेज असतील, तिकडे तळ्याकाठी पोहण्यास राखलेली, खोली दाखविणारी जागा असते. धरणाचे पाणी निराळे. काठाशी गुडघाभर वाटते आणि पुढल्या पावलास बुडालेल्या जमिनीची कड संपते. तळाशी गाळ असतो, पाणी थंड असते. ही गोष्ट पोचल्याबरोबर, सामान उतरविण्यापूर्वी, सर्व मुलांस एकदम सांगावी. अभयारण्यासंबंधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. प्राण्यांस त्रास देणे, कचरा टाकणे, रानास धोका होईल असा जाळ करणे हे त्याने मना आहे. शेकोटी आवारातच, राखलेल्या जागी, आणि निजताना पाणी ओतून विझवावी. माकडांस खाणे घालू नये. ती आभार मानीत नाहीत, दुसऱ्या दिवशी गाडीत शिरतात. पहाटे देवळामागच्या झाडीत पाहिले तर शेकरू दिसण्याचा संभव आहे. त्यासाठी मात्र गप्प बसावे लागते, आणि बारा माणसांत ते किती जमेल हे आम्ही सांगू शकत नाही.

काजव्यांविषयी भगिनींनी विचारले आहे. ते या दिवसांत नसतात. मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभी, पावसाच्या तोंडाशी, तेथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडे लुकलुकू लागतात, आणि ते पाहावयास शनिवारी रात्री मोटारींची रांग लागते. नर आपल्या उजेडाने मादीस खूण करीत असतो. मोटारीच्या झगझगीत दिव्यांत ती खूण हरवते. तेव्हा त्या हंगामात घरगाडी नेऊच नये, असे आमचे मत आहे.

राहिला दिवस. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा सर्वस्वी टाळावा. त्या दिवसांत आवार मिळणार नाही आणि मिळाले तरी झोप मिळणार नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी निघावे व बुधवारी दुपारी परत यावे. भावोजींची रजा तोवर आहे. डोंबिवलीतील तिन्ही मुलांची शाळा तीन दिवस बुडेल, त्याची चिंता भगिनींनी पत्रात व्यक्त केली आहे. आम्ही चौतीस वर्षे वर्गावर काढली. रजेच्या अर्जात तापाचे खोटे कारण लिहू नये. 'आजीबरोबर प्रवरेचा उगम पाहण्यास जावयाचे आहे' असे स्वच्छ लिहावे आणि मुलांच्याच हातून वर्गशिक्षकांस द्यावे.